क्रांतीशी मैत्री ते काढता पाय : निकाराग्वाला मिळालेली स्वीडनची मदत

ऑगस्ट 2007 मध्ये स्वीडनच्या विकास सहकार्य मंत्री गुनिला कार्लसन यांनी मदत घेणाऱ्या सुमारे 70 देशांची यादी 33 वर आणण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा वगळलेल्या देशांत निकाराग्वाही होता. निर्णयाचे कारण प्रशासकीय सांगितले गेले: मदत अनेक ठिकाणी विखुरली की तिचा परिणाम दिसत नाही. ते खोटे नव्हते. तरीही मध्य अमेरिकेतील ज्या देशाशी स्वीडनचे नाते सर्वांत भावनिक होते, त्याच देशातून निघण्याचा हा निर्णय समजून घ्यायचा तर 1979 पर्यंत मागे जावे लागते.

सोमोसा घराण्याने 1930 च्या दशकापासून निकाराग्वावर पकड ठेवली होती. डिसेंबर 1972 च्या भूकंपाने राजधानी मानाग्वा उद्ध्वस्त झाली, आणि जगभरातून आलेल्या मदतीचा मोठा भाग हुकूमशहा अनास्तासिओ सोमोसा देबाइले आणि त्याच्या गोतावळ्याच्या खिशात गेला. परकीय मदत कोणाच्या हातात पडते, हा प्रश्न त्या देशात तेव्हापासूनच कळीचा आहे. 19 जुलै 1979 रोजी डाव्या विचारांचे सँदिनिस्ता बंडखोर मानाग्वात शिरले आणि ती राजवट संपली.

स्वीडनच्या मदतीचा ओघ क्रांतीनंतर सुरू झाला. त्याचे श्रेय पुष्कळदा एकट्या सोशल डेमोक्रॅट नेते ओलोफ पाल्मे यांना दिले जाते. वस्तुतः जुलै 1979 मध्ये स्टॉकहोममध्ये सोशल डेमोक्रॅट नव्हे, तर ओला उल्स्टेन यांचे लिबरल सरकार होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का परदेशी मदतीसाठी देण्याचे उद्दिष्ट स्वीडिश संसदेने 1968 मध्येच स्वीकारले होते आणि त्यावर पक्षभेदापलीकडे सहमती होती. पाल्मे 1982 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्यावर मात्र या मदतीला उघड राजकीय धार आली. फेब्रुवारी 1984 मध्ये ते स्वतः मानाग्वाला गेले. अमेरिका त्या काळात सँदिनिस्तांविरुद्ध लढणाऱ्या काँत्रा बंडखोरांना शस्त्रे आणि पैसा पुरवत होती, मे 1985 मध्ये तिने व्यापारबंदीही लादली, आणि जून 1986 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग केल्याचा निकाल दिला. अशा वेळी पश्चिमेतल्या एका श्रीमंत लोकशाही देशाने पाठीशी उभे राहणे मानाग्वाला पैशाइतकेच मोलाचे होते. स्वीडिश पैसा खाणकाम आणि वनव्यवसाय यांसारख्या उत्पादक क्षेत्रांत गेला. परकीय चलन मिळवून देणारे उद्योग उभे राहिले की देश स्वतःच्या पायावर उभा राहील, असा त्यामागचा हिशेब होता. युद्धाने तो हिशेब मोडला. 1988 मध्ये महागाईचा वार्षिक दर 30,000 टक्क्यांच्या पुढे गेला.

फेब्रुवारी 1990 च्या निवडणुकीत विरोधी आघाडीच्या व्हायोलेता चामोरो यांनी सँदिनिस्ता अध्यक्ष दानिएल ओर्तेगा यांचा पराभव केला. सत्ता सोडण्यापूर्वी सँदिनिस्ता नेत्यांनी सरकारी घरे, जमिनी आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतल्या. लोकांनी या प्रकाराला ‘पिन्याता’ म्हटले, म्हणजे वाढदिवशी मुले काठीने फोडतात आणि आतल्या गोळ्यांवर तुटून पडतात ते खाऊचे भांडे. क्रांतीच्या युरोपीय मित्रांना ही गोष्ट जिव्हारी लागली असल्यास नवल नाही.

यानंतरचे दशक, माझ्या मते, स्वीडिश मदतीचे सर्वांत फलदायी दशक होते, जरी त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सरकारशी मैत्री मागे पडली आणि नगरपालिका, विद्यापीठे, महिला संघटना पुढे आल्या. लेओन, चिनान्देगा, एस्तेली यांसारख्या शहरांत स्थानिक विकास कार्यक्रमाखाली वस्तीतले लोक श्रम देत, नगरपालिका वाटा उचले, आणि एखादी खोली वाढवायला किंवा गळके छप्पर बदलायला कुटुंबांना लहान कर्जे मिळत. लेओनच्या विद्यापीठाने स्वीडनच्या उमेओ विद्यापीठाबरोबर सार्वजनिक आरोग्याचे संशोधन उभे केले. 1995 मध्ये तेथे 488 स्त्रियांची पाहणी झाली, आणि कधी ना कधी विवाहित किंवा जोडीदारासोबत राहिलेल्या स्त्रियांपैकी 52 टक्क्यांनी जोडीदाराकडून शारीरिक मारहाण सोसल्याचे निष्पन्न झाले. महिला संघटनांनी हा आकडा हाती घेऊन संसदेवर दबाव आणला आणि 1996 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. मदतीचा परिणाम इतक्या स्पष्टपणे दाखवता येणारी उदाहरणे फार नसतात.

ऑक्टोबर 1998 च्या अखेरीस मिच चक्रीवादळ आले. कासीता ज्वालामुखीच्या उतारावरून कोसळलेल्या चिखलाखाली सुमारे 2,000 माणसे गाडली गेली. पुनर्बांधणीसाठी देणगीदारांची परिषद मे 1999 मध्ये स्टॉकहोमलाच भरली, आणि तिच्या जाहीरनाम्यात पारदर्शक कारभार, विकेंद्रीकरण आणि नागरी संघटनांचा सहभाग ही तत्त्वे मान्य झाली. पण त्याच वर्षी अध्यक्ष आर्नोल्दो अलेमान यांच्या कारकिर्दीत सरकारी हिशेब तपासणारे महालेखापाल आगुस्तिन हार्किन यांनाच तुरुंगात डांबण्यात आले. पुढे अलेमान आणि ओर्तेगा यांनी आपसांत समझोता केला आणि 35 टक्के मतांवरही अध्यक्ष निवडून येऊ शकेल अशी तरतूद झाली. अलेमान यांना 2003 मध्ये भ्रष्टाचारासाठी 20 वर्षांची शिक्षा झाली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

दरम्यान जानेवारी 2004 मध्ये निकाराग्वाला मोठी कर्जमाफी मिळाली, आणि देणगीदार देशांनी थेट सरकारी अर्थसंकल्पात पैसे घालण्याची पद्धत स्वीकारली. तिच्या मुळाशी सरकारवरचा विश्वास होता. नोव्हेंबर 2006 मध्ये ओर्तेगा 38 टक्के मतांवर निवडून आले. त्याआधीच्या महिन्यात संसदेने, सँदिनिस्तांच्या मतांसह, गर्भपातावर संपूर्ण बंदी घातली होती. स्त्रियांचे आरोग्य हा आपल्या मदतीचा कणा मानणाऱ्या स्वीडनसाठी हा विरोधाभास पचवणे कठीण होते. कार्लसन यांचा निर्णय यानंतर काही महिन्यांनी आला. नोव्हेंबर 2008 च्या नगरपालिका निवडणुकांत गैरप्रकारांचे आरोप झाले आणि युरोपीय संघानेही अर्थसंकल्पीय साहाय्य थांबवले.

ओर्तेगांची फारशी अडचण झाली नाही. व्हेनेझुएलाचे सवलतीचे तेल 2007 पासून येऊ लागले होते आणि त्यातून उभा राहिलेला पैसा अर्थसंकल्पाबाहेर, संसदेच्या नजरेआड फिरत होता. स्वीडनचे द्विपक्षीय सहकार्य 2011 पर्यंत गुंडाळले गेले. डेन्मार्क आणि फिनलंडही याच सुमारास निघाले. एप्रिल 2018 मध्ये सुरू झालेल्या सरकारविरोधी आंदोलनात 300 हून अधिक माणसे मारली गेली, आणि पुढील पाच वर्षांत 3,000 हून अधिक स्वयंसेवी संस्थांची नोंदणी रद्द झाली. ज्या प्रकारच्या महिला आणि नागरी संघटनांवर 1990 च्या दशकातील स्वीडिश मदत उभी होती, त्यांतल्या कितीतरी आज देशात कायदेशीरपणे कामच करू शकत नाहीत.