अणुअभियांत्रिकीचं एम.टेक.: गुण पुरतात, दाखला अडतो

एम.टेक.च्या प्रवेशासाठी ‘गेट’ ही परीक्षा द्यावी लागते. तिच्यात अणुअभियांत्रिकीचा वेगळा पेपर नाही, तेव्हा तो शोधत बसू नका. ज्या शाखेची पदवी, त्या शाखेचा पेपर द्यायचा: मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल. एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांनी भौतिकशास्त्राचा. कोणती संस्था कोणत्या पेपरवर घेते, ते तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. गुणपत्र निकालापासून तीन वर्षं चालतं. शिकायला मात्र आपल्या मुलांना कोल्हापूर सोडावं लागतं. आयआयटी कानपूर, कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ, गांधीनगरचं पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ ही त्यातली काही ठिकाणं.

आयआयटीच्या बाबतीत पहिली गफलत होते ती ‘कोअ‍ॅप’ या आयआयटी प्रवेशांच्या सामाईक पोर्टलवर. तिथे नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला, असं समजून कितीतरी जण निवांत बसतात. कोअ‍ॅपवर फक्त जागा देऊ केल्याचं दिसतं आणि ती घ्यायची की नाही ते कळवायचं असतं. अर्ज ज्या त्या आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा, शुल्क वेगळं, मुदतही वेगळी. पुढे प्रत्येक फेरीत तीन पर्याय येतात: ‘अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ’, ‘रिटेन अँड वेट’ (जागा राखून वाट पाहणं) आणि ‘रिजेक्ट अँड वेट’ (जागा सोडून वाट पाहणं). फ्रीझ केलं की खेळ संपला, पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी नाहीत. आणि मुदतीत काहीच निवडलं नाही, तर मिळालेली जागा हातची जाते.

भाभा अणुसंशोधन केंद्राची वाट यापेक्षा निराळी. त्यांच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणाला ओसीईएस म्हणतात. दुसरी योजना डीजीएफएस. तिच्यात निवड झालेला विद्यार्थी ठरावीक संस्थांत एम.टेक. करतो आणि नंतर अणुऊर्जा विभागात रुजू होतो. इथे गोम अशी, की निवड भाभा केंद्र करतं, पण एम.टेक.चा प्रवेश विद्यार्थ्याने स्वतः मिळवायचा असतो. मुलाखतीच्या निकालाची वाट पाहत राहिलात, तर तोवर आयआयटीचे अर्ज बंद झालेले असतात. दोन्हीकडे एकाच वेळी भरा, अर्जाच्या शुल्काकडे बघू नका. वयाची अट 1 ऑगस्टला मोजतात: खुल्या गटाला 26, ओबीसींना 29, अनुसूचित जाती-जमातींना 31 वर्षं.

भाभा केंद्रासाठी पदवीला किमान 60 टक्के लागतात. टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल, तर त्याला स्वतःच दहाने गुणून आकडा टाकू नका. विद्यापीठाचं किंवा स्वायत्त कॉलेजचं रूपांतराचं पत्र घ्या आणि त्यातलाच आकडा लिहा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांकडे पहिल्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका नसतातच. ती जागा कशी भरायची, हे सूचनांमध्ये वाचूनच ठरवा.

आता खरा घोळ. सर्वांत जास्त अर्ज अडतात ते जातीच्या दाखल्यावर, आणि यात विद्यार्थ्याचा दोष बहुतेकदा नसतो. सेतू केंद्रात ‘नॉन-क्रीमीलेअर’ (ओबीसींमधल्या सधन गटात नसल्याचा दाखला) मागितलं की समोरचा राज्याच्या नमुन्यातला मराठी दाखला काढून देतो. आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातला, इंग्रजीतला लागतो. खिडकीवर ‘केंद्र शासनासाठी’ हे शब्द स्वतःच्या तोंडाने सांगा. अर्जाच्या पावतीवरही तेच छापलंय का बघा. जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र हाताशी असलं, तरी ते या दाखल्याची जागा घेत नाही.

दाखला प्रवेशाच्या वर्षातल्या 1 एप्रिलनंतरचा लागतो. राज्याचा दाखला तीन वर्षं चालतो, म्हणून तोच जोडणारे इथेच अडकतात. अर्ज भरताना नवा दाखला हाती नसेल, तर हमीपत्र देऊन अर्ज पुढे नेता येतो का, ते संस्थेच्या सूचनांत पाहा. पण एप्रिल उजाडताच तहसीलच्या मागे लागा. जूनमध्ये बाकीच्या प्रवेशांची झुंबड उडते आणि मग ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकत बसावं लागतं.

केंद्राची ओबीसी यादीही तपासा. राज्यात ‘भटक्या जमाती (क)’ असलेला धनगर समाज केंद्रात ओबीसी आहे. कुणबीही केंद्राच्या यादीत आहेत. पण राज्यात ओबीसी असलेली प्रत्येक पोटजात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. आणि मराठा समाजाचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला आयआयटीत चालत नाही, कारण ते आरक्षण राज्याचं आहे. कुणबी दाखला नसेल, तर अशांनी केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढावा.

करवीर, शिरोळच्या ऊसपट्ट्यातली घरं ठेचकाळतात ती ईडब्ल्यूएसच्या अटींवर. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि त्यात शेतीचंही धरतात. ओबीसींच्या क्रीमीलेअरचं उत्पन्न मोजताना शेतीचं धरत नाहीत, म्हणून दोघांची बेरीज एकसारखी करू नका. शिवाय पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी दाखला मिळत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या जमिनी एकत्र मोजतात. कुटुंब म्हणजे तुम्ही, आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं आणि लग्न झालं असेल तर जोडीदार व अठराखालची मुलं. त्यामुळे सगळ्यांचे आठ-अ उतारे आधी काढा, आणि सातबाऱ्यावर वडिलांचं नाव सामाईकात असेल तर त्यांच्या वाट्याला किती येतं, ते तलाठ्याकडून समजून घ्या.

शेवटची बारीक अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि कुठे वडिलांचं नावच गळालेलं. ‘गेट’च्या अर्जात नाव ओळखपत्राप्रमाणेच टाका. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असेल, तर आधार दुरुस्ती अर्ज भरण्याआधीच उरकून घ्या.