गायनॅकच्या बॅगेत काय होतं, काय नव्हतं

नाशिकच्या गोळे कॉलनीत सकाळी अकराच्या सुमाराला गेलात, तर औषधांच्या होलसेल दुकानांपुढे टेम्पोतून खोकी उतरत असतात आणि त्यातूनच वाट काढत एमआर मंडळी, म्हणजे औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, स्टॉकिस्टकडे (कंपनीचा माल ठेवून दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे) चाललेली असतात. माल कुठे अडकलाय, महिन्याची सेकंडरी (स्टॉकिस्टकडून दुकानांना झालेली विक्री) किती झाली, एवढं विचारलं की गाड्या शरणपूर रोड, कॉलेज रोडकडे वळतात. यातल्या गायनॅक, म्हणजे स्त्रीरोगाच्या औषधांच्या, डिव्हिजनच्या मुलामुलींना हल्ली कंपन्या स्त्री-आरोग्य हा वेगळा विषय म्हणून शिकवतात. पाळीचं चक्र, पीसीओएस (पाळी आणि बीजनिर्मिती बिघडवणारा हार्मोनचा विकार), गरोदरपणातला ॲनिमिया, मेनोपॉज. आता मी त्यांना शिकवतो; आम्ही एमआर म्हणून शिकलो तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं. जे आज आहे, तेही बरंचसं ठेच खाऊन आलेलं आहे.

सुरुवात 1954 च्या कायद्यापासून करावी लागते. त्या वर्षीच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं पाळीच्या तक्रारी, गर्भपात, गर्भनिरोध यांवरच्या औषधांची लोकांपुढे जाहिरात करायला मनाई केली. भोंदू औषधवाल्यांना चाप बसावा हा हेतू चांगलाच होता. नोंदणीकृत डॉक्टरांना गोपनीय पद्धतीनं पाठवलेल्या माहितीला मात्र त्यात सूट होती. त्यामुळे बाईच्या औषधाबद्दल कंपनीला जे सांगायचं ते डॉक्टरच्या केबिनमध्येच सांगायचं, असं ठरून गेलं. आणि सांगणारा होता एमआर. त्याला स्वतःला किती माहिती आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

त्याची किंमत ईपी फोर्टच्या प्रकरणात दिसली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जास्त डोसच्या या गोळ्या 'दिवस राहिलेत का' हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जायच्या. गोळ्या घेऊन पाळी आली तर दिवस नाहीत, नाही आली तर आहेत. म्हणजे दिवस असतील तर पोटातल्या गर्भालाच हार्मोनचा मोठा डोस. पाळी लांबलेल्या कित्येक बायकांनी तर 'मोकळं होण्यासाठी' म्हणूनही त्या घेतल्या. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. 1982 मध्ये सरकारनं बंदी आणली, तर कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली. बंदी खऱ्या अर्थानं लागू व्हायला 1988 उजाडलं. त्या काळातले सीनियर सांगायचे, आम्हाला गोळीचा रंग, स्ट्रिपचा भाव आणि स्कीम तोंडपाठ होती. ती गर्भावर काय करते, हे मॅन्युअलमध्ये नव्हतं.

परदेशातही चित्र फार वेगळं नव्हतं. गरोदरपणात घेतल्यानं बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या थॅलिडोमाइडच्या धक्क्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकानं 1977 मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. काळजीपोटी घेतलेला निर्णय, पण त्यामुळे कित्येक औषधांचे डोस पुरुषांवरून ठरले. ती सूचना 1993 मध्ये मागे घेतली गेली. तरी झोपेच्या झोल्पिडेमचा बायकांसाठीचा डोस निम्मा करायला 2013 उजाडावं लागलं, कारण बायकांच्या रक्तात ते औषध सकाळपर्यंत जास्त उरतं. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं पहिल्यांदा मान वर करून बघतात.

सगळ्यात जास्त वेळ मी लेट्रोझोलवर घालवतो. हे औषध मुळात मेनोपॉजनंतरच्या स्तनाच्या कॅन्सरचं. आपल्याकडे ते वंध्यत्वासाठी, बीजनिर्मितीला म्हणून, मंजुरी नसताना चालवलं गेलं. ऑक्टोबर 2011 मध्ये त्या वापरावर बंदी आली. पुढे 2014 मध्ये पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांवरचा अमेरिकेतला अभ्यास छापून आला: लेट्रोझोल घेणाऱ्यांत 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन हे जुनं औषध घेणाऱ्यांत 19.1 टक्के. मग 2017 मध्ये आपल्याकडची बंदी उठली. मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे सर, ते आधी विकणारे बरोबरच होते ना?" नाही. पुरावा यायच्या आधी केलेला दावा, नंतर पुरावा आला म्हणून मागल्या तारखेनं खरा होत नाही. यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो, आणि तो व्हावा असंच मला वाटतं.

हार्मोन थेरपीची गोष्ट उलट्या दिशेनं गेली. मेनोपॉजनंतर हार्मोन घेतले की हृदय सुरक्षित राहतं, असं बराच काळ सांगितलं जाई. जुलै 2002 मध्ये सोळा हजारांहून जास्त बायकांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले. पुढे आकडे वयानुसार सुटे करून पाहिले तेव्हा साठीच्या आतल्या बायकांचं गणित वेगळं निघालं. म्हणजे एकदा शिकून भागत नाही, दर दोन वर्षांनी पुन्हा बसावं लागतं.

आमच्या भागात खरा धंदा मात्र लोहाच्या गोळ्यांचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. पेठ-सुरगाण्याच्या एक्स-स्टेशनला (शहराबाहेरच्या फेरीला) जाणाऱ्या एमआरला हे ठाऊक असतं, कारण टार्गेटच त्यावर बेतलेलं असतं. तिकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, प्रत्येक फिकट चेहरा लोहाच्या कमतरतेचा नसतो, हे मात्र त्याला व्हिज्युअल एडमधून, म्हणजे डॉक्टरला दाखवायच्या माहितीपुस्तिकेतून, कळत नाही.

एक गंमत सांगतो. एमआरच्या नोकरीला संरक्षण देणाऱ्या 1976 च्या कायद्यानं त्यांना मातृत्व लाभाचा कायदाही लागू केला होता. तेव्हा नाशिकच्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर बाई एमआर शोधून सापडली नसती. आज वर्गात चार-पाच मुली असतात. 'पाळी' हा शब्द त्या सरळ उच्चारतात. मुलगे अजून 'पीरियड्स' म्हणून खाली बघतात.

मार्च 2024 मध्ये औषध विपणनाची नवी आचारसंहिता आली. एमआरनं डॉक्टरची भेट मिळवण्यासाठी पैसे किंवा आमिष द्यायचं नाही. 'सेफ' हा शब्द नुसता, अट न घालता वापरायचा नाही. माहिती समतोल हवी, पडताळता यायला हवी, आणि एमआरच्या वागण्याची जबाबदारी कंपनीची. व्हिज्युअल एडच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'गरोदरपणात देऊ नये' छापलेलं असायचं. आमच्या काळी ते पान असं धरायला शिकवायचे, की अंगठा नेमका तिथेच यावा.

आता रोल-प्लेमध्ये मी डॉक्टर होतो. मुलगा डिटेलिंग (डॉक्टरला औषधाची माहिती सांगणं) संपवतो, मी विचारतो, "गरोदर बाईला चालेल का?" दहातले सहा-सात अजूनही म्हणतात, "सर, वेल टॉलरेटेड आहे." मग पान उलटायला सांगतो.