वरच्या गावचं सांडपाणी, खालच्या गावचं पिणं

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात नदीचं पाणी पुन्हा वापरायची योजना कुणी आखली नाही, ते आपसूक घडत गेलं. बेळगावचंच बघा. शहराच्या वर राकसकोपला मार्कंडेय नदी अडवली, ते पाणी शहर पितं. शहापूर-वडगावकडून येणारा बळ्ळारी नाला शहराचं सांडपाणी घेऊन पुढे त्याच मार्कंडेयला मिळतो. खालच्या गावांनी काय प्यायचं, हा प्रश्न शहरात फारसा कुणी विचारत नाही.

चिक्कोडी पट्ट्यातली गोष्ट वर पंचगंगेवर सुरू होते. इचलकरंजीत १९०४ साली यंत्रमाग आला, मागोमाग सायझिंग-प्रोसेसचे (सुताला खळ लावायचे, कापड रंगवायचे) कारखाने आले, नदीकाठाने साखर कारखाने उभे राहिले. रंग, मळी आणि कोल्हापूरचं मैलापाणी घेऊन पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत मिसळते. आपल्याकडची माणसं वाडीला जाऊन ज्या संगमाचं तीर्थ घेतात, तोच हा संगम. पुढे राजापूर बंधारा ओलांडला की कृष्णा आपल्या, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीत येते.

बंधाऱ्यांनी शेती पिकवली, पण बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि घाण तळाशी बसते. वळवाच्या पहिल्या लोंढ्यात ती ढवळून निघते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पंचगंगेवरच्या तेरवाडसारख्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. त्याच दिवसांत खालच्या गावांच्या जॅकवेलचे (नदीतून पाणी उचलायच्या विहिरींचे) पंप चालूच असतात. तुरटीने गाळ बसतो, वाळूतून पाणी गाळलं जातं, क्लोरीनने जंतू मरतात. मात्र सेंद्रिय घाण जास्त असली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो. नळाला पोचेपर्यंत उरतच नाही. विरघळलेले क्षार तर या गाळणीत अडकतच नाहीत.

जलप्रदूषण रोखायचा कायदा १९७४ पासून आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत, शुद्ध करून पिण्याजोग्या नदीच्या पाण्यात दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. कायदा असूनही २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. पंचगंगा दाराशी असून या शहराने आधी मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं, मग सुळकूडहून दूधगंगेचं मागितलं. कागलसह दूधगंगाकाठाने विरोध केला. चिक्कोडी पट्ट्यातल्या सदलग्याचं पिणं याच दूधगंगेवर आहे. एक नदी नासली म्हणून दुसरीवर पाइप टाकायचा, आणि पहिलीच्या खालची गावं तशीच सोडायची, हे मला मान्य नाही. सांडपाणी जिथं तयार होतं तिथंच ते शुद्ध झालं पाहिजे, आणि त्याचा खर्च वरच्या शहराने उचलला पाहिजे.