पेटंट मिळालं म्हणजे यंत्र अचूक असतं का?

"पेटंट आहे ना, मग सरकारने तपासूनच पास केलं असणार." आरोग्य मोजणाऱ्या घड्याळांबद्दल वर्षानुवर्षं ऐकू येणारं हे वाक्य चुकीचं आहे, आणि आजारी माणसासाठी धोक्याचंही.

पेटंट परीक्षकासमोर सहसा यंत्र येतच नाही. येतात ती कागदपत्रं: वर्णन, आकृत्या, आणि दावे, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणारी वाक्यं. एकेक दावा तो जुन्या पेटंटांशी, शोधनिबंधांशी ताडून पाहतो. हे खरंच नवं आहे का? या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का? सेन्सरचा आकडा रुग्णावर किती बरोबर येतो, याची चाचणी तो घेत नाही. ते काम औषध-उपकरण नियामकाचं.

सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्याच्या कितीतरी कल्पनांना पेटंट मिळालं आहे. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने बजावलं, की त्वचा न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून जास्त इन्सुलिन घेतलं, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

उलट, पेटंटचा अर्ज फेटाळला म्हणून यंत्र कुचकामी ठरत नाही. दावा गरजेपेक्षा व्यापक लिहिला, एवढंच कारण असू शकतं.