सत्र संपलं, पगार थांबला: कॅलिफोर्नियातल्या अर्धवेळ कॉलेज-शिक्षकांसाठी बेरोजगारी भत्ता

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात अर्धवेळ शिकवणाऱ्यांची गत आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखीच. नेमणूक सत्रापुरती, आणि एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे ही कॉलेजं चालवणाऱ्या एका संस्थेत, पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांच्या वर तास मिळत नाहीत. फरक एवढाच की सुट्टीत इथे राज्याच्या रोजगार खात्याकडे (ईडीडी) बेरोजगारी भत्ता मागता येतो. तरी अनेक जण अर्जच करत नाहीत. ‘शिक्षकांना सुट्टीत भत्ता नसतो’ हे ऐकीव वाक्य आड येतं.

ते अर्धंच खरं आहे. पुढच्या सत्रात काम मिळण्याची ‘रीझनेबल अ‍ॅशुरन्स’, म्हणजे वाजवी हमी असेल, तर कॉलेजच्या पगारावर सुट्टीतला भत्ता मिळत नाही. पूर्णवेळ शिक्षक इथेच बाद होतात. अर्धवेळवाल्यांचं काय, हा प्रश्न १९८९ मध्ये सर्व्हिसी खटल्यात अपील कोर्टाने सोडवला. तो खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या अर्धवेळ शिक्षकांचाच होता. विद्यार्थीसंख्या, निधी किंवा कार्यक्रमातले बदल यांवर अवलंबून असलेली नेमणूक ही हमी नव्हे, असं कोर्टाने म्हटलं.

म्हणून अर्जात ‘पुढच्या सत्रात परतण्याची हमी आहे का?’ असं विचारलं की भिडेखातर ‘हो, बहुतेक वर्ग मिळतील’ असं सांगू नका. नेमणूक सशर्त असेल तर उत्तर ‘नाही’, आणि त्यापुढे कारण: नेमणूक विद्यार्थीसंख्या, निधी आणि कार्यक्रमातल्या बदलांवर अवलंबून आहे. फोनवर मुलाखत झाली तर तिथेही हेच सांगा. यात लपवाछपवी काही नाही, नेमणूकपत्रात सहसा हेच छापलेलं असतं. ते पत्र हाताशी ठेवा.

अर्ज सत्र संपल्याच्या आठवड्यातच करा, ऑनलाइन सोपा पडतो. लागतं ते असं: सोशल सिक्युरिटी क्रमांक, ओळखपत्र, गेल्या १८ महिन्यांतल्या सगळ्या मालकांची नावं, पत्ते, कामाच्या तारखा आणि पगार, शेवटचा कामाचा दिवस, शेवटच्या आठवड्यातली कपातीआधीची कमाई. नागरिक नसाल तर काम करण्याच्या परवान्याचा क्रमांक आणि मुदत. दोन-तीन कॉलेजांत शिकवत असाल तर सगळी कॉलेजं लिहा, एखादं गाळलं तर पुढे त्रास होतो.

पात्रता आधीच्या १२ महिन्यांच्या ‘बेस पिरियड’वरून ठरते. एप्रिल ते जूनमध्ये अर्ज केला, तर आधीच्या ३१ डिसेंबरला संपलेलं वर्ष धरतात. त्यातल्या एका तिमाहीत किमान १,३०० डॉलर कमावलेले असले की चालतं. भत्ता आठवड्याला ४० ते ४५० डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. पहिला आठवडा बिनपैशाचा. दर दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र, म्हणजे त्या आठवड्यांतल्या कामाची आणि कमाईची माहिती, ईडीडीकडे भरायचं आणि काम शोधत राहायचं. उन्हाळ्यात एखादा वर्ग मिळाला तर पगार हातात आल्यावर नव्हे, काम केलं त्या आठवड्यात दाखवायचा. त्यातले पहिले २५ डॉलर किंवा २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते सोडून बाकी रक्कम भत्त्यातून वजा होते.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला किंवा नागपूरला जाणार असाल, तर त्या आठवड्यांचा भत्ता मागू नका. तुम्ही अमेरिकेत कामासाठी उपलब्ध नसता, आणि खोटं प्रमाणपत्र दिल्यास रक्कम दंडासह परत करावी लागते. परतल्यावर दावा पुन्हा सुरू करता येतो.

भत्त्यावर केंद्राचा आयकर लागतो, कॅलिफोर्नियाचा नाही.

नकाराचं पत्र आलं तर पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते. नेमणूकपत्र आणि याआधी विद्यार्थी कमी म्हणून रद्द झालेल्या वर्गांची ईमेल तिथे सादर करा. अपील चालू असतानाही दोन आठवड्यांचं प्रमाणपत्र भरत राहा, कारण जिंकलात तरी प्रमाणपत्र भरलेल्याच आठवड्यांचे पैसे मिळतात.