विषाणूचा न्यूमोनिया आणि जिवाणूचा न्यूमोनिया: दाखल झालेल्या मुलांत नेमकं काय असतं?

फाइलवर 'न्यूमोनिया' लिहिलेलं असतं, शिरेतून अँटिबायोटिक चालू असतं आणि दोन दिवसांनी डॉक्टर म्हणतात, "व्हायरल वाटतोय." आईवडील हादरतात. आधीचं निदान चुकलं का? बहुतेकदा नाही. हे दोन आजार सुरुवातीला खात्रीने वेगळे करताच येत नाहीत, आणि काही मुलांत दोन्ही एकदमच असतात.

पुस्तकातलं वर्णन सोपं आहे. नाक गळणं, खोकला, घरात आणखी कुणी आजारी, छातीत दोन्हीकडे सूं-सूं, तर विषाणू. एकदम चढलेला ताप, मलूल मूल, एक्स-रेत एकाच बाजूला पांढरा डाग, तर जिवाणू. प्रत्यक्षात ही लक्षणं सर्रास एकमेकांत मिसळतात. फुप्फुसाभोवती पू झाला असेल तर मात्र जिवाणूकडे ठामपणे बोट दाखवता येतं.

अमेरिकेत मेम्फिस, नॅशव्हिल आणि सॉल्ट लेक सिटी इथल्या रुग्णालयांत २०१० ते २०१२ दरम्यान न्यूमोनियाने दाखल झालेली २,२०० हून अधिक मुलं तपासली गेली. ६६ टक्क्यांत फक्त विषाणू, ८ टक्क्यांत फक्त जिवाणू, ७ टक्क्यांत दोन्ही सापडले. आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत २०११ ते २०१४ मध्ये झालेल्या 'पर्च' अभ्यासात गंभीर आजारी, पाच वर्षांखालची मुलं होती. तिथे विषाणूंचा वाटा सुमारे ६१ टक्के आणि जिवाणूंचा २७ टक्के निघाला. एकट्या आरएसव्ही विषाणूचा वाटा ३१ टक्के होता.

मला यातला ८ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा घ्यावासा वाटत नाही. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. जिवाणू फुप्फुसात असला तरी बहुतेक वेळा रक्तात उतरत नाही, म्हणून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, कोरं येतं. नाकाचा स्वॅब घ्यावा, तर न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा प्रमुख जिवाणू धडधाकट मुलांच्या नाकातही मुक्कामाला असतो. म्हणूनच 'पर्च'मध्ये आजारी मुलांसोबत त्याच भागातली न्यूमोनिया नसलेली मुलंही तपासली होती. जिवाणू कमी सापडतो, याचा अर्थ तो तितकाच कमी असतो असा नाही. शिवाय उपचाराविना तो झपाट्याने जीव घेऊ शकतो. दाखल मुलाला डॉक्टर अँटिबायोटिक आधी सुरू करतात ते यासाठीच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी हाच विचार गावपातळीवर नेला. जंतू शोधत न बसता गावातल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी बाळाचे श्वास मोजले आणि वेग जास्त दिसला की को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं. बालमृत्यू घटले. मोजणी आजही तीच: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

लसीने हे प्रमाण बदलतं. हिब या जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलेंट या पाच-एकत्र लसीत असते. न्यूमोकोकसवरची (न्यूमोकोकल) लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात. डोस पूर्ण असलेल्या मुलात या दोन जिवाणूंची शक्यता बरीच कमी होते, म्हणून दाखल करताना लसीचं कार्ड सोबत न्या. आणि मेडिकलमधून आणून पाजलेलं सिरप असेल तर त्याची बाटलीही, कारण आधी घेतलेल्या अँटिबायोटिकने कल्चर कोरं येऊ शकतं.