कोरडे वजन

डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातले जादा पाणी काढल्यावर उरणारे वजन. केंद्रांत सगळे ‘ड्राय वेट’च म्हणतात. पायांवर सूज नसावी, श्वास मोकळा असावा, रक्तदाब ताब्यात राहावा आणि पाणी काढताना पायांत गोळे येऊ नयेत, अशा बेताचा आकडा डॉक्टर तपासणीवरून व अनुभवावरून ठरवतात. तो कायमचा नसतो, आणि ‘विनाकारण’ वजन वाढल्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लघवी होत नसेल तर प्यालेले अंगातच राहते; दोन दिवसांत तीन किलो चरबी कुणाला चढत नाही. कोरडे वजन ६० किलो आणि काट्यावर ६३ भरले, तर चार तासांत तीन लिटर काढायचे. हा वेग दर किलोमागे तासाला १२.५ मिलिलिटर पडतो. १३च्या वर गेल्यास हृदयावर ताण येतो, असे सर्वसाधारणपणे मानतात.

“पाणी मोजूनच पितोय, तरी वजन कसं वाढतंय?” याचे उत्तर बहुधा मिठात सापडते. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते आणि रक्ताचा खारेपणाही साधारण तेवढाच. म्हणून जादा खाल्लेले ९ ग्रॅम मीठ तहान लावून लिटरभर पाणी अडवून ठेवते. कोल्हापुरात हे मीठ मिसळीच्या कटातून, फरसाणातून, भडंगातून, खर्ड्यातून येते. तांबडा-पांढरा रस्सा तर दुहेरी हिशेबाचा: मीठही आणि पाणीही. रश्शाची वाटी ‘पाणी’ म्हणून कुणी धरत नाही, शिवाय ती एकीवर थांबत नाही. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, या रुग्णांना ते जिवावर बेतू शकते. मधुमेहात साखर चढली की तहान वाढते, तेही ध्यानात घ्यावे.

खाण्यापिण्यात काहीच बदल नसेल, तर जी थोडीफार लघवी होत होती ती घटली आहे का ते पाहतात. काटा बदलला, अंगात स्वेटर राहिला किंवा पोट साफ झाले नाही, तरीही आकडा फिरतो.

कधी वाढ खरीच अंगाची असते. डायलिसिस सुरू झाल्यावर मळमळ ओसरते, जेवण जाऊ लागते, मांस भरते. जुन्याच आकड्यापर्यंत पाणी ओढत राहिले तर रक्तदाब कोसळतो, गोळे येतात. अशा वेळी कोरडे वजन वर न्यावे लागते. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटात सोडलेल्या द्रावणातली साखर शरीरात शोषली जाते, तिनेही चरबी वाढते.

उलट प्रकार जास्त फसवा. आजारपणात मांस झडते, त्याची जागा पाणी घेते आणि काटा जागचा हलत नाही. धाप, सूज आणि आडवे पडल्यावर कोंडणारा श्वास हेच मग सांगतात की पाणी साठले आहे. असा श्वास कोंडला तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असले तरी एक खंड लांबचाच राहतो. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पाळीत त्यात रविवार येतो, आणि कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण. त्यामुळे सोमवारचा आकडा शुक्रवारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. सोमवारची तुलना आधीच्या सोमवारशीच करावी.